स्ट्रॅटेजी गेम आणि प्रोसेसरचं जुनं नातं

गेमसाठी पीसी घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा येतो. स्ट्रॅटेजी गेमच्या बाबतीत मात्र खरा कस लागत आलाय तो प्रोसेसरचा.

१९९१ चा 'सिव्हिलायझेशन' पाळीपाळीने खेळायचा. आपली खेळी झाली की संगणकाची होईपर्यंत थांबायचं. १९९२ मध्ये 'ड्यून २' आला आणि ही उसंत संपली. बांधकाम, हल्ला, शत्रूची चाल, सगळं एकाच वेळी. आणि प्रत्येक रणगाड्याला वाट शोधून द्यायची तीही त्याच क्षणी.

१९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स'पुढे अडचण आणखी मोठी होती. ९० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम, १६ एमबी रॅम, टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम आणि खेळणारे आठ जण. प्रत्येक सैनिकाची जागा आणि अवस्था तारेवरून पाठवायची म्हटली, तर जेमतेम २५० सैनिकांत सगळं अडलं असतं. म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी फक्त हुकूम पाठवले. 'हे धनुर्धारी तिकडे न्या' एवढंच. बाकी सगळी लढाई प्रत्येक मशीन आपापली मांडणार आणि आठही ठिकाणी निकाल तंतोतंत जुळणार. मला आजही ही युक्ती थक्क करते. पण त्यामुळे सर्वांत हळू मशीन जितकं पळेल, तितकाच सगळ्यांचा खेळ पळणार. नेट कॅफेत 'एज २' खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर कोणी बसलं, की मोठी लढाई जुंपताच आठही पडद्यांवरचे घोडेस्वार चिखलातून चालल्यासारखे चालायचे.

२००७ च्या 'सुप्रीम कमांडर'ने तर तोफेच्या प्रत्येक गोळ्याचा मार्गही मोजायला घेतला. ड्युअल कोअर, म्हणजे हिशेब करणारे दोन भाग (कोअर) असलेले प्रोसेसर तोवर आले होते, पण लढाईचा मुख्य हिशेब बराचसा एकाच कोअरवर चालायचा. एकाची चाल दुसऱ्याच्या चालीवर अवलंबून. असं काम वाटून देणं फार अवघड. महागडं कार्ड असलेल्यांचाही खेळ उत्तरार्धात रखडायचा, तो यामुळेच.

२०२२ मध्ये एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आला, त्यात ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी होती. हजारो घटकांची माहिती प्रोसेसरच्या हाताशीच राहू लागली आणि 'स्टेलारिस', 'फॅक्टोरिओ'सारख्या हिशेबी खेळांना त्याचा चांगला फायदा झाला. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये तर चाचणीच अशी दिली आहे की फ्रेम, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रं मोजायची नाहीत. संगणकाची पाळी संपायला किती सेकंद लागतात, ते मोजायचं.