रविवारची सुट्टी (मुंबईच्या गिरण्या)

नोकरी आणि घर यांचा मेळ कसा घालायचा, ही तक्रार आज बहुधा कार्यालयांतून ऐकू येते. मुंबईत ती पहिल्यांदा संघटितपणे मांडली गिरणी कामगारांनी, आणि अगदी रोखठोक मागणीच्या रूपात : आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, पण कामाचा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतचाच राहिला. १८८१ च्या कारखाना कायद्याने फक्त मुलांच्या तासांना मर्यादा घातली. यंत्रे बंद असत तो दिवसही पुरता मोकळा मिळत नसे. साफसफाईसाठी कामगारांना बोलावले जाई.

जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा घेतली. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवार हा खंडोबाचा वार, असाही दाखला तेव्हा दिला गेल्याचे सांगतात; सरकारी कचेऱ्या मात्र त्या दिवशी आधीपासूनच बंद असत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

या सुट्टीने विसावा मिळाला, संसार मिळाला असे म्हणता येणार नाही. कामगारांतले बरेचसे रत्नागिरीकडचे चाकरमानी. बायको-मुले गावी, शेती त्यांच्याच अंगावर. इकडे एकाच खोलीत गाववाले दाटीवाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. त्यामुळे रविवार जाई तो कपडे धुण्यात, तालमीत, भजनात नाहीतर गावकीच्या बैठकीत. घर भेटे ते गणपतीला किंवा शिमग्याला, आणि त्यासाठी खाडा पडला तरी लोक तो पाडत. मालक याला कामगारांची बेशिस्त म्हणत. घरी जायला दुसरी वाटच नव्हती, हे त्यांनी सोयीने बाजूला ठेवले.

गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांचे गणित आणखी वेगळे. १८९१ च्या कायद्याने त्यांचा दिवस ११ तासांवर आणला, पण हे तास गिरणीतले. चूल, पाणी, मुले यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो हिशेब आजही जुळलेला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देताना आढळल्या, पुरुष ९७.

पुढच्या कायद्यांनी आठवडा आखडत नेला : १९२२ मध्ये ६० तास, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला आणि रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढवली. कामाची वेळ संपल्यावर आलेला फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.