एक छोटी गोल्ड, एक कटिंग

कॉलेजच्या गेटसमोरची टपरी. खांबाला दोरीने बांधलेला लायटर. पूर्वी तिथेच काथ्याची दोरी एका टोकाला धुमसत लोंबायची. पोरगं सिगारेटचं पाकीट मागत नाही. ‘एक छोटी गोल्ड, एक कटिंग’ एवढंच म्हणतं. टपरीवाला उघड्या पाकिटातून एक काढून देतो आणि पाकीट पुन्हा फळीवर जातं. तरुण सिगारेट का ओढतात, यावर संगत, परीक्षेचा ताण, सिनेमातला हीरो ही कारणं नेहमी निघतात, आणि ती खोटी नाहीत. पण ही सुटी विकली जाणारी एक सिगारेट नसती, तर त्यातल्या कित्येकांची सुरुवातच झाली नसती असं मला वाटतं.

मुळात सिगारेट आपल्याकडची नव्हे. इथे चंची होती, चिलीम होती, तपकीर आणि मिश्री होती. १९१० साली कलकत्त्यात इंपीरियल टोबॅको कंपनी उभी राहिली (आजची आयटीसी ती हीच) आणि सिगारेट साहेबाची, मग साहेबाकडे बघणाऱ्या शिकलेल्यांची झाली. स्वदेशीच्या लाटेत अनेकांनी ती टाकून बिडी धरली. सिन्नर आणि सोलापुरात तर बिडीवर हजारो घरं चालली. पण शहरी रुबाबाचा तो शिक्का सिगारेटवरून कधी पुसला गेला नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, धूर काढणारे मात्र एकूण प्रौढांत जेमतेम ३.८ टक्के. आजोबांच्या चंचीला घरात कुणी हटकत नाही, नातवाच्या खिशात सिगारेट सापडली की मात्र आकाश कोसळतं.

हा रुबाब जाहिरातींनी पद्धतशीर वाढवला. विल्स सिगारेटच्या ‘मेड फॉर ईच अदर’ जाहिरातीतली देखणी जोडपी, पुढे क्रिकेटपटूंच्या अंगावरचं विल्सचं नाव. १९९६ चा विश्वचषकसुद्धा ‘विल्स वर्ल्ड कप’ होता, आणि तो आम्ही शाळकरी पोरांनी शेजारच्यांच्या टीव्हीसमोर मांडी ठोकून पाहिला. २००३ चा कायदा आला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यापासून अशा जाहिराती थांबल्या. विक्रीच्या जागी ६० बाय ४५ सेंटिमीटरच्या पाटीची मुभा तेवढी राहिली. म्हणजे टपरी उरलीच.

इशाऱ्यांचंही तसंच. १९७५ च्या कायद्याने पाकिटावर इशाऱ्याची ओळ आली, ३१ मे २००९ पासून चित्रं आली आणि १ एप्रिल २०१६ पासून त्यांनी पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. पण एकच सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही! सडलेल्या घशाचं ते चित्र दिवसभर बघतो तो टपरीवाला.

कराची गंमत याहून निराळी. १९८७ पासून सिगारेटवरचं उत्पादन शुल्क तिच्या लांबीवर ठरू लागलं, म्हणून कंपन्या मिलिमीटर मोजून आखूड सिगारेटी काढू लागल्या. २०१४ च्या अर्थसंकल्पात ६५ मिलिमीटरपर्यंतच्या सिगारेटींवरचं शुल्क एकदम ७२ टक्क्यांनी वाढलं. पाकीट घेणाऱ्याला अशी वाढ एकदम झोंबते. एकेक घेणाऱ्याला ती रुपया-दोन रुपयांत लागते, आणि तेवढे पैसे पॉकेटमनीत कसेही बसतात.

२०१६-१७ च्या त्याच पाहणीत देशात तंबाखूला सुरुवात करण्याचं सरासरी वय १८.९ वर्षं निघालं. बारावी सुटलेली, होस्टेलची खोली मिळालेली, विचारायला घरचं कुणी नाही, आणि अठराखालच्यांना विक्रीला बंदी करणाऱ्या २००३ च्या कायद्यातूनही पोरगं नुकतंच सुटलेलं. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत विक्री करू नये असंही तोच कायदा म्हणतो, पण ते यार्ड मोजायला टेप घेऊन कोण उभं राहणार?

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी घातली. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीत तेव्हा एक बदल झाला. उघडं पाकीट फळीवरून काउंटरखाली गेलं. पुढे काही महिन्यांनी ते परत वर आलं.