डांबराची टाकी भरताना सूर उतरतो

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात. गुडघ्याला, कंबरेला, छातीला. एक पक्की खूण आणि ती पाहणारा डोळा, पातळी मोजायला पाण्यासाठी एवढं पुरतं. कित्येक हॉट मिक्स प्लान्टवर (रस्त्यासाठी खडी आणि डांबर गरम मिसळणाऱ्या कारखान्यांत) डांबराची टाकीही अजून अशीच मोजतात: शिडी चढायची, झाकण उघडायचं, सळई बुडवायची, काळं कुठवर लागलं ते बघायचं. झाकणातून येणाऱ्या वाफेत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, हे सळई धरणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघाल्यापासून घाट चढून येणारे डांबराचे टँकर नाशिककरांच्या नजरेत भरू लागले आहेत. त्याबरोबर एक शंकाही कानावर येते: गच्चीवरच्या टाकीला स्वस्तातला सेन्सर चालतो, मग इथे महागडं रडार कशाला? (इथलं डांबर म्हणजे खनिज तेल गाळून तळाशी उरणारं बिटुमेन. कपाटातल्या डांबरगोळीचं मूळ दगडी कोळशाच्या डांबरात आहे. नाव एक, कूळ वेगळं.)

गच्चीवरच्या सेन्सरमध्ये दोन सळया असतात आणि पाण्यातून वीज वाहिली की दिवा लागतो. डांबर वीजरोधक, त्यामुळे दिवा कधीच लागणार नाही. तरंगता गोळा आणि दोरी लावली, तर १५०-१६० अंशांवर पातळ असलेलं डांबर वरच्या थंड कप्पीवर जाऊन घट्ट होतं. मग गोळा अडकतो आणि काटा दिवसभर एकच आकडा दाखवत राहतो. आवाजाचा पडसाद मोजणारा अल्ट्रासॉनिकही इथे फसतो. २० अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, १६० अंशांच्या हवेत सुमारे ४१७. टाकीत डांबरालगत हवा तापलेली आणि छताखाली त्यामानाने गार, तर कोणता वेग धरायचा?

रेडिओलहरींना तापमानाचं असं सोयरसुतक नसतं, म्हणून छतावरून खाली लहर सोडून तिचा पडसाद टिपणारं रडार. पण डांबर हा रडारचाही नावडता द्रव आहे. लहर किती परतणार हे द्रवाच्या परावैद्युत स्थिरांकावर (विद्युतक्षेत्राला द्रव किती प्रतिसाद देतो, त्याच्या आकड्यावर) ठरतं. पाण्याचा तो बराच मोठा, म्हणून पाणी ऊर्जेचा मोठा वाटा परत फेकतं. डांबराचा जेमतेम २.७. गणित केलं तर परत येते फक्त सहा टक्के. उरलेली ९४ टक्के डांबरात शिरते.

आता त्या सहा टक्क्यांतून अंतर कसं काढायचं? पडसाद परत यायला लागणारा वेळ थेट मोजणं अवघड, कारण तीन मीटर जाऊन परतायला लहरीला अवघे २० नॅनोसेकंद लागतात. म्हणून एक सुरेख युक्ती करतात. रडार एकाच वारंवारतेची लहर सोडत नाही, ती वारंवारता सतत चढवत नेतं, गवयानं खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत मींड घ्यावी तशी. समजा ७७ पासून ८१ गिगाहर्ट्झपर्यंतची चढण ४ मिलिसेकंदांत पूर्ण होते. पडसाद २० नॅनोसेकंद उशिरा येतो. तेवढ्यात बाहेर जाणारा सूर थोडा वर सरकलेला असतो, येणारा मात्र जुन्याच जागी असतो. दोन्ही एकमेकांत मिसळले की त्यांच्या फरकाची लहर मिळते. सेकंदाला एकावर बारा शून्यं एवढ्या हर्ट्झची चढण, गुणिले २० नॅनोसेकंद: २० किलोहर्ट्झ. म्हणजे अब्जांश सेकंदांचा प्रश्न माणसाच्या कानाच्या टप्प्यातल्या वारंवारतेवर येऊन ठेपला.

पृष्ठभाग दीड मीटरवर आला की हाच फरक १० किलोहर्ट्झ होतो. नळाखाली हंडा भरताना आवाज चढत जातो, इथे उलट, टाकी भरत येते तसा सूर उतरत जातो.

४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३.७५ सेंटिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन पडसाद वेगळे ओळखता येत नाहीत. एकट्या पडसादाची जागा मात्र कला (लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, म्हणजे फेज) बघून मिलिमीटरपर्यंत सांगता येते. म्हणून दोन पडसाद एकमेकांत मिसळणार नाहीत, याची काळजी बसवतानाच घ्यावी लागते. टाकी रिकामी होत आली की आत शिरलेली ९४ टक्के ऊर्जा तळावर आपटून परतते आणि तळाचा पडसाद पृष्ठभागापेक्षा मोठा दिसतो. शिवाय डांबरात लहरीचा वेग १.६ पटींनी कमी, त्यामुळे तळ आहे त्याहून खोल भासतो. गरम तेलाच्या नळ्या तळाशीच असतात, त्यांचे पडसाद वेगळे. यासाठी रिकाम्या टाकीचे खोटे पडसाद आधी नोंदवून ठेवतात.

बसवताना नेहमी एकच चूक होते. छतावरचा नोझल (रडार ज्यावर बसतं तो आखूड नळा) उघडा ठेवतात, तो गार पडतो, वाफ तिथेच गोठते आणि लेन्सवर काळा थर चढतो. नोझलला छतासारखंच उष्णतारोधक गुंडाळावं, इलेक्ट्रॉनिक्सचं डोकं मात्र त्याच्या वर, मोकळ्या हवेत ठेवावं. ओतणाऱ्या पाइपच्या धारेवर रडार रोखू नये.

आता उतू जाणं. आडव्या टाकीत उंचीचे ९० टक्के म्हणजे मापाचे ९० टक्के नव्हेत. अडीच मीटर व्यासाची, दहा मीटर लांबीची टाकी घ्या. तिच्यात ४९ हजार लिटर मावतात. वरच्या २५ सेंटिमीटरमध्ये त्यातले फक्त अडीच हजार. मिनिटाला ५०० लिटरच्या पंपाला तेवढं भरायला पाच मिनिटं लागतात, एका चहाचा वेळ. त्यात डांबर प्रत्येक अंशाला सुमारे ०.०६ टक्के फुगतं. १२० अंशांवर उंचीच्या ९० टक्क्यांपर्यंत भरलेली टाकी १६० वर नेली की एक थेंब न घालता ११०० लिटर जागा गेली. आणि पाणी तर सगळ्यांत वाईट. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १७०० लिटर होते. पावसात उघडं राहिलेलं झाकण किंवा आधी इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) वाहून आणलेला टँकर, यांतून आलेलं दोन लिटर पाणीसुद्धा वरची सगळी मोकळी जागा फेसानं भरू शकतं. वर त्या फेसातून रडारला नीट दिसतही नाही.

म्हणून रडारशी काही संबंध नसलेला, वेगळ्या तत्त्वावर चालणारा, वेगळ्या तारांचा हाय लेव्हल स्विच (द्रव ठरलेल्या उंचीला पोहोचताच पंप थांबवणारा) हवाच. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे पेट्रोलच्या टाकीचा मापक एका आकड्यावर अडकला. स्वतंत्र स्विच होता, पण त्याच्या चाचणीच्या दांड्याला लावायचं कुलूप बसवलेलं नव्हतं, त्यामुळे तो निकामी होता. पेट्रोल उतू गेलं, स्फोट झाला, चाळीसहून अधिक जखमी. टाकीवर लिंबू-मिरची बांधायला कोणाची हरकत नाही, पण खंडेनवमीला स्विचला हळदकुंकू लावताना तो एकदा हलवून पंप खरंच थांबतो का, हेही बघावं. आणि मोबाइलवर पातळी दाखवणारं ॲप म्हणजे संरक्षण नव्हे. अडकलेल्या मापकाचा खोटा आकडा ते तितक्याच सुबकपणे दाखवतं.

तारही तपासा. मापक पातळी तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर विजेच्या रूपात कळवतो. त्यात रिकाम्या टाकीला ४ असतात, शून्य नव्हे. कारण शून्य आलं तर तार तुटली, हे कळावं. पण पीएलसीनं (पंप आणि व्हॉल्व्ह चालवणाऱ्या नियंत्रक संगणकानं) तुटलेली तार म्हणजे 'भरली' असं धरायला हवं, काही ठिकाणी ते 'रिकामी' धरतात आणि पंप जोरात चालू राहतो.

स्विच लागला की आधी पंप बंद, मग व्हॉल्व्ह. उलट केलं तर गिअर पंप बंद तोंडावर दाब चढवतो आणि १६० अंशांचं डांबर होज फाडून बाहेर येतं, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच. टँकर स्वतःच्या इंजिनावरच्या पंपानं खाली होत असेल, तर प्लान्टची पीएलसी त्या इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. अशा ठिकाणी भोंगा हवा, आणि तो ऐकून इंजिन बंद करायला टँकरचा ड्रायव्हर पंपापाशी उभा हवा, केबिनमध्ये झोपलेला नको.