प्राणिसंग्रहालयातले दोन सिंह: आशियाई आणि संकरित

भारतातल्या प्राणिसंग्रहालयात आपण सिंहासमोर उभे राहतो तेव्हा तो बहुधा दोघांपैकी एक असतो. एक म्हणजे गीरच्या सिंहांचा थेट वंशज, आशियाई सिंह. दुसरा म्हणजे ज्याच्या आजा-पणज्यांत कुठेतरी आफ्रिकी सिंह येऊन गेलाय, असा संकरित सिंह. दोघांचं डरकाळणं तेच, खाणं तेच, ऊन चढल्यावर सावली धरून लोळणंही तेच. पाटीवर नुसतं 'सिंह' लिहिलेलं असेल तर कोण कोणता हे बघणाऱ्याला कळत नाही. पण यातल्या पहिल्याला पिल्लं व्हावीत म्हणून राज्याराज्यांतली प्राणिसंग्रहालयं आपसात जनावरांची देवाणघेवाण करतात आणि दुसऱ्याला होऊ नयेत म्हणून नराची नसबंदी केली जाते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जनावरांना इतकी उलट वागणूक का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी दिसण्याबद्दल. आशियाई सिंह ओळखायचा तर पोट बघा, असं सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. त्याच्या पोटाखाली पुढून मागे जाणारी कातडीची सैल घडी असते. सिंह बाजूने चालत गेला की ती हलताना दिसते. डोक्यावरची आयाळ विरळ असल्याने कान उघडे दिसतात. कोपरावरचे आणि शेपटीच्या टोकाचे केसांचे झुपके मात्र दाट असतात. कवटीतही एक खूण आहे. डोळ्याखालच्या हाडात मज्जातंतू जाण्यासाठी जे छिद्र असतं ते बऱ्याच आशियाई सिंहांत दुभागलेलं असतं. जिवंत जनावराच्या बाबतीत अर्थातच तिचा काही उपयोग नाही.

या खुणांवर भिस्त ठेवली की फसगत होते. पोटाखालची घडी काही आफ्रिकी सिंहांतही सापडते. आयाळ हवामानाप्रमाणे बदलते. थंड मुलखातल्या प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या सिंहाची आयाळ दाट आणि लांब होते, मग तो अस्सल गीरचा का असेना. संकरित सिंहात तर दोन्हीकडच्या खुणा कशाही मिसळून उतरतात. अर्धं रक्त आफ्रिकी असलेला सिंह हुबेहूब गीरच्यासारखा दिसू शकतो. म्हणूनच नजरेने केलेल्या निवाड्यावर कुणाही जाणकाराने जोड्या लावू नयेत.

तशा त्या लावल्या गेल्या, आणि संकरित सिंह आले ते त्यातूनच. सर्कशींमधून आफ्रिकी सिंह देशभर फिरत होते. त्यांची पिल्लं, म्हातारी किंवा नकोशी जनावरं प्राणिसंग्रहालयांत येत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झालं. त्याआधी कुणी कुणाबरोबर काय जोडावं याला देशपातळीवर धरबंध नव्हता. शिवाय सिंह बंदिवासात सहज वितो. गर्भ साधारण ११० दिवसांचा, एका वेताला दोन-तीन पिल्लं, आणि पिल्लं दगावली तर सिंहीण लवकरच पुन्हा माजावर येते. पिल्लं झाली की वर्तमानपत्रात फोटो, सुट्टीच्या दिवशी गर्दी. पिल्लांचे आईबाप कोण, हे विचारायला कुणी बसलं नव्हतं.

चंदीगडजवळच्या छतबीड प्राणिसंग्रहालयात याचा सगळ्यात मोठा फटका बसला. तिथे आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर झाला, पुढे त्याच गोतावळ्यात आपसात प्रजनन होत राहिलं आणि सिंहांची संख्या भराभर वाढली. मग मागचे पाय लटके पडलेली, नीट उभीही राहू न शकणारी जनावरं दिसू लागली. जखमा चिघळायच्या, साधे आजार जिवावर बेतायचे. शेवटी तिथलं प्रजनन थांबवण्यात आलं आणि नरांची नसबंदी झाली. नसबंदीच का, याला कारण आहे. वृषणं काढून टाकली तर संप्रेरक बंद होतं आणि सिंहाची आयाळ गळते. नुसती नस बांधली तर आयाळ आणि नराची वागणूक दोन्ही टिकतात, फक्त पिल्लं होत नाहीत.

छतबीडची कहाणी सांगताना बहुतेक जण 'संकरामुळे सिंह दुबळे झाले' असं एका दमात म्हणून टाकतात. मला हे पटत नाही. लांबच्या दोन वंशांचा संकर झाला की पहिली पिढी अनेकदा धडधाकटच निघते. माझ्या मते छतबीडला दोन वेगळ्या चुका एकावर एक चढल्या: आधी संकर आणि नंतर जवळच्या नात्यातलं प्रजनन. पहिलीने ते सिंह आशियाई सिंहांच्या संवर्धनासाठी निरुपयोगी ठरले आणि शरीरं पोखरली ती मुख्यतः दुसरीने, असं मानायला जागा आहे. या दोन चुका वेगळ्या धरल्या नाहीत तर 'वंश शुद्ध आहे ना, मग झालं' असा उलटा गैरसमज होतो.

त्या गैरसमजाचं उदाहरण पांढऱ्या वाघाचं आहे. रेवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेला मोहन हा पांढरा वाघ. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं नेहमीच्याच रंगाची निघाली. मग त्याला त्याच्याच मुलीबरोबर, राधाबरोबर ठेवलं आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिल्लं जन्मली. वंशावळ इतकी चोख की कोण कुणाचं हे आजही नावानिशी सांगता येतं. पण ती वापरली गेली ती नात्यातली जोडी टाळण्यासाठी नव्हे, जुळवण्यासाठी. पांढरा रंग टिकवायचा तर अशाच जोड्या लावाव्या लागतात. तिरळे डोळे आणि इतर व्यंगं पांढऱ्या वाघांत पुढेही येत राहिली.

सिंहांकडे परत येऊ. संकराचा आणखी एक मोठा धक्का बसला तो अमेरिकेत. तिथल्या प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांचा एकत्रित प्रजनन कार्यक्रम चालवला होता. वंशावळीची नोंदवही होती, समन्वयक होते, जोड्या ठरवून लावल्या जात होत्या. १९८७ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी या सिंहांच्या रक्तातली प्रथिनं तपासली. ज्या पाच मुख्य मूळ सिंहांपासून हा गोतावळा वाढला होता, त्यातले दोन आफ्रिकी वंशाचे निघाले. त्यांचं रक्त जवळपास सगळ्या कळपात पसरलं होतं. संवर्धनाच्या दृष्टीने तो कार्यक्रमच मोडीत निघाला. काम मनापासून झालं होतं, पण नोंदवहीचं पहिलं पान चुकीचं होतं. दुधात पडलेलं पाणी वरून कितीही दूध ओतलं तरी वेगळं निघत नाही, तसंच हे आहे: अर्ध्याचं पाव होतं, पावाचं अष्टमांश होतं, शून्य कधीच होत नाही.

युरोपने मग मुळापासून मांडणी केली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून मोजके सिंह तिकडे गेले आणि त्यांच्यापासून नवा कार्यक्रम उभा राहिला. सक्करबाग १८६३ पासूनचं, आणि भारतातल्या आशियाई सिंहांच्या प्रजननाचं मुख्य केंद्र तेच आहे. तिथे एक सोय आहे जी दुसरीकडे कुठेच नाही. गीरमध्ये जखमी झालेले, विहिरीत पडलेले, आईविना राहिलेले सिंह उपचारासाठी पकडले जातात आणि त्यातले काही परत जंगलात सोडण्याजोगे राहत नाहीत. असा एखादा सिंह म्हणजे प्रजनन कार्यक्रमासाठी नवं रक्त, आणि तेही गीरचंच.

आता ही वंशावळीची नोंदवही म्हणजे नेमकं काय, ते जवळून बघू. प्रत्येक सिंहाला क्रमांक असतो. त्यापुढे नर की मादी, जन्मतारीख, जन्मठिकाण, आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, कातडीखालच्या मायक्रोचिपचा क्रमांक, कुठून कुठे कधी हलवला आणि मृत्यू. पिंजऱ्यावर रंगवलेलं लाडकं नाव सगळ्यात बिनमहत्त्वाचं. एकाच नावाचे सिंह दोन शहरांत असू शकतात. बापाचा रकाना सगळ्यात नाजूक. एका सिंहिणीबरोबर दोन भाऊ ठेवले आणि दोघांशीही समागम झाला, तर बाप कोण हे जनुकीय तपासणीशिवाय सांगता येत नाही. तिथे अंदाजाने एक क्रमांक टाकला की पुढच्या चार पिढ्यांचं गणित बिघडतं. भारतात प्राधिकरणाच्या वतीने डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा राष्ट्रीय नोंदवह्या तयार करते.

जोड्या ठरतात त्या याच नोंदींवरून. प्रत्येक जनावराचं बाकीच्या सगळ्यांशी सरासरी किती नातं आहे ते काढतात. ज्या सिंहिणीचे बहीणभाऊ, भाचेपुतणे देशभर पसरलेत, तिचं सरासरी नातं जास्त. तिची आणखी पिल्लं झाली नाहीत तरी फारसं अडत नाही. जिचे नातेवाईक जवळपास उरलेलेच नाहीत तिची पिल्लं आधी हवीत, कारण ती निपुत्रिक मेली तर तिच्याबरोबर एक धागाच तुटतो. मग अशा मादीला तितकाच दुर्मीळ नर शोधायचा. तो दुसऱ्या राज्यात असेल तर परवानग्या, पिंजरा, ट्रक किंवा रेल्वे, आणि नव्या जागी काही दिवस वेगळं ठेवणं. जोडी जमेलच याची खात्री नसते. चांगली वाढलेली, देखणी, माणसाळलेली सिंहीण वर्षानुवर्षं गर्भनिरोधकावर ठेवावी लागते आणि कीपरला ते आवडत नाही. मला तो राग समजतो. पण जागा मोजक्या असतात, आणि भरमसाट पिल्लांनी भरलेल्या पिंजऱ्यात नव्या वंशाला जागा उरत नाही.

इथे एक रास्त शंका येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुनागढच्या नवाबांनी संरक्षण दिलं तेव्हा गीरमध्ये अगदी थोडे सिंह उरले होते, आणि आजचे सगळे त्यांचेच वंशज आहेत. म्हणजे हे सिंह मुळातच एकमेकांचे जवळचे नातेवाईक. मग थोडं आफ्रिकी रक्त मिसळलं तर भलं नाही का होणार?

अमेरिकेतल्या फ्लोरिडात प्यूमांच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजरांच्या बाबतीत हे झालंय. तिथे वीस-तीसच प्यूमा उरले होते. शेपट्यांना पीळ, हृदयाचे दोष, नरांमध्ये वृषणं न उतरणं असे प्रकार होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि तो गोतावळा सावरला. पण त्या आठही जणी कुठून आल्या ते ठाऊक होतं, कुणाची पिल्लं किती हे मोजलं गेलं आणि काम झाल्यावर उरलेल्या माद्या काढूनही घेतल्या. छतबीडला यातलं काहीच नव्हतं. गीरच्या सिंहांवर तशी पाळीही आलेली नाही. नरांच्या शुक्रजंतूंत दोषांचं प्रमाण जास्त असल्याचं जुन्या अभ्यासांत दिसलं होतं, तरी जंगलातली संख्या १९६८ च्या १७७ वरून २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ मध्ये ८९१ अशी वाढत आलीय. २०१७ च्या नव्या वर्गीकरणात गीरचे सिंह पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या सिंहांबरोबर एकाच उपप्रजातीत घातले गेलेत, हेही मान्य. उद्या खरंच मिसळायची वेळ आली तर ते कुठलं रक्त, किती आणि कुणात, हे ठरवून करता येईल. पण त्यासाठी आजचा न मिसळलेला वंश हाताशी असला पाहिजे. संकरित सिंहातून मागे जाता येत नाही.

आणि खरी भीती साथीची आहे. २०१८ मध्ये गीरच्या पूर्वेकडच्या दलखाणिया भागात थोड्याच दिवसांत वीसहून जास्त सिंह दगावले आणि त्यात कॅनाइन डिस्टेंपर या मुख्यतः कुत्र्यांत आढळणाऱ्या रोगाचा विषाणू सापडला. याच विषाणूने १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह मारले होते. काही सिंह गीरबाहेर, मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात न्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं होतं. ते अजून झालेलं नाही. म्हणून वेगवेगळ्या शहरांत विखुरलेले, वंशावळ ठाऊक असलेले आशियाई सिंह ही आजची राखीव ठेव आहे.

संकरित सिंहांचं काय? सर्कशीत सिंहांचे खेळ करण्यावरची बंदी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तिथून सुटलेले सिंह बंगळुरूजवळचं बन्नेरघट्टा, चेन्नईजवळचं वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम, भोपाळ, जयपूर अशा ठिकाणच्या सुटका केंद्रांत ठेवले गेले. त्यांना मरेपर्यंत पोटभर मांस, औषधं आणि हिंडायला मोकळी जागा मिळायलाच हवी. त्यांची जोडी लावली ती माणसांनी. फक्त त्यांचा वंश त्यांच्याबरोबर थांबावा.

आपल्याकडे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सक्करबागहून एक सिंह आणि एक सिंहीण आली, बदल्यात वाघांची जोडी तिकडे गेली. २०२५ च्या सुरुवातीला त्यांना छावा झाला. त्याचे आईबाप दोघेही जुनागढचे, त्यामुळे तो कोण हा प्रश्न नाही. तो वयात आला की प्रश्न येईल जोडीचा, आणि त्याचं उत्तर बोरिवलीत ठरवता येणार नाही. इतर शहरांतल्या कुठल्या सिंहिणीशी त्याचं नातं सगळ्यात लांबचं आहे ते नोंदवहीतून काढावं लागेल. मग एक तर तो प्रवास करेल, नाही तर ती.