पडलेला केडी आपोआप वर का येतो?

बेळगावची टिळकवाडी असो की निपाणीचा बसस्टँड, बीजीएमआय हा मोबाईलवरचा बंदुकांच्या लढाईचा गेम खेळणारी पोरं जमली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सेन्सी बदललो बघ, दोन दिवसांत केडी वर आला की!" केडी खरंच वर आलेला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो सेन्सीमुळे, म्हणजे बोट सरकवल्यावर नेम किती वेगानं फिरतो त्या सेन्सिटिव्हिटीच्या सेटिंगमुळे आला हे कुणी तपासलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा तो जुन्या सेटिंगवरही वर आलाच असता.

केडी म्हणजे किल भागिले डेथ: किती जणांना मारलं भागिले स्वतः किती वेळा मेलो. प्रत्येक किल हे दुसऱ्या कुणाचं तरी मरण असतं, त्यामुळे बॉटसकट (बॉट म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू) सगळ्यांचा मिळून केडी एकाच्या वर जाऊच शकत नाही. तुमचा चार असेल, तर कुणाचा तरी एकाच्या बराच खाली असणार, नाहीतर तुम्ही मारलेल्यांत बॉट पुष्कळ असणार. खालच्या रँकच्या लॉबीत, म्हणजे एका सामन्यात एकत्र पडलेल्या खेळाडूंत, बॉट भरपूर असतात. वेगवेगळ्या रँकच्या दोघांनी केडीवरून भांडण्यात म्हणूनच अर्थ नाही. पण त्याहून मोठी गोम पुढे आहे.

समजा, एखाद्या पोराची खरी कुवत सामन्याला सरासरी 2 किल इतकी आहे, आणि प्रत्येक सामन्यात तो एकदाच मरतो. दहा सामन्यांत 20 किल अपेक्षित. पण लॉबी कशी मिळाली, उतरल्यावर हाताला एम416 रायफल लागली की नुसता पॅन (तवा), आकसत जाणारा सुरक्षित झोन कुठे सरकला, यावर प्रत्यक्ष आकडा हलत राहतो. एकेक करून मोजायच्या अशा घटनांचा चढउतार साधारण अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. संख्याशास्त्रात याला प्वासाँ वितरण म्हणतात. 20 चं वर्गमूळ सुमारे साडेचार. दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरली, तर बहुतेक वेळा किल 11 ते 29 च्या दरम्यान पडतात. म्हणजे बोटाची ठेवण, फोन, सेटिंग यातलं काहीही न बदलता याच पोराचा दहा सामन्यांचा केडी कधी 1.1 दिसेल, कधी 2.9! शंभर सामने घेतले तर हा पट्टा 1.7 ते 2.3 एवढा आकसतो. सामने दहापट केले, तरी अनिश्चितता जेमतेम तिपटीनं घटली.

आता नवी सेन्सी खरोखरच चांगली आहे आणि केडी 2 वरून 2.2 होणार आहे असं धरा. हा फरक बऱ्यापैकी खात्रीनं दिसायला जुन्या आणि नव्या सेटिंगवर प्रत्येकी चारशेवर सामने खेळावे लागतील. प्रत्यक्षात त्याहूनही जास्त, कारण पोचिंकी या गजबजलेल्या गावात उतरून थेट अंगावर जाऊन केलेला रश आणि नकाशाच्या कडेला लपून काढलेला सामना यांतला फरक वरच्या हिशेबात धरलेलाच नाही.

मग दोन दिवसांत सुधारणा कशी दिसते? सेटिंग आपण कधी बदलतो ते पाहा: सगळ्यात वाईट आठवड्यानंतर. फ्रान्सिस गाल्टनने 1886 साली 928 प्रौढ मुलांची उंची त्यांच्या आईवडिलांच्या उंचीशी ताडून पाहिली. फार उंच आईबापांची मुलं उंच निघाली, पण आईबापांइतकी नाही. फार बुटक्यांची मुलं बुटकी, पण तेवढी नाही. टोकाच्या मोजमापात टिकाऊ गुणाबरोबर योगायोगही मिसळलेला असतो. पुढच्या मोजमापात गुण तसाच येतो, योगायोग मात्र नव्यानं ठरतो. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आणि 1.1 वर गेलेला आपला पोरगा पुढच्या दहा सामन्यांत बहुधा 2 च्या जवळ येतो तो याच नियमानं. ताप सर्वांत चढतो तेव्हाच माणूस अंगाऱ्याकडे धावतो. ताप आपल्या क्रमानं उतरतो आणि श्रेय अंगाऱ्याला मिळतं. 'झिरो रिकॉइल', म्हणजे गोळी झाडताना बंदूक उसळणारच नाही, असं सांगून सेन्सी सेटिंगचे कोड विकणाऱ्यांचा धंदा नेमका याच जागेवर उभा आहे, आणि शाळकरी पोरांच्या खिशातले पैसे त्यात जातात याची मला मनापासून चीड येते.

खरंच सुधारायचं असेल तर केडीऐवजी सामन्यागणिक डॅमेज, म्हणजे समोरच्यांना केलेली एकूण इजा, लिहून ठेवा. किल दोन-तीनच मिळतात. डॅमेज प्रत्येक लागलेल्या गोळीनं वाढतं, त्यामुळे अर्धवट जिंकलेली चकमकही हिशेबात येते. हेडशॉटच्या टक्केवारीवर मात्र फार विसंबू नका. स्नायपर घेतली की ती वाढते, शॉटगन घेतली की पडते.

आणि सेटिंग तपासायची तर नाणं उडवा. छाप आला तर आज जुनी सेन्सी, काटा आला तर नवी. रोज खेळण्याआधी ठरवायचं आणि महिनाभर तरी मोडायचं नाही. सामन्यागणिक बदलू नका, हाताला सवय व्हायला वेळ लागतो. रोनाल्ड फिशरने 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतांवर काम करताना हीच रीत रुजवली: कुठल्या तुकड्याला कुठलं खत, हे चिठ्ठीनं ठरवायचं. मग वाईट आठवड्यानंतरच नवी सेटिंग लावली, असं होत नाही. पावसाळ्यात खानापूरकडे लाईट जाऊन नेटवर्क रडतं आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) वाढतो, त्या संध्याकाळीही कधी जुन्या सेन्सीच्या वाट्याला येतील, कधी नव्या.