अमेरिकेतील छोट्या ख्रिस्ती महाविद्यालयांचे व्हॉलीबॉल संघ

व्हॉलीबॉलचा जन्मच एका धार्मिक संस्थेत झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक येथे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या शाखेत शारीरिक शिक्षणाचे काम पाहणारे विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ तयार केला, कारण जवळच्याच स्प्रिंगफिल्डमध्ये १८९१ साली सुरू झालेले बास्केटबॉल त्यांच्याकडे येणाऱ्या प्रौढ व्यावसायिकांना फार दमवणारे ठरत होते. म्हणजे हा खेळ मुळात पुरुषांसाठी होता. तरीही आज अमेरिकेतील अनेक छोट्या ख्रिस्ती महाविद्यालयांत महिलांचा संघ जुना आणि पुरुषांचा संघ अलीकडचा असतो, आणि या उलट्या क्रमामागे कायदा आणि पैसा ही दोन कारणे प्रामुख्याने आहेत.

एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली. महिलांना त्या संघटनेची स्पर्धा मिळायला १९८१ उजाडले. मधल्या काळात, १९७२ मध्ये, ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई झाली. मुलींना खेळाच्या संधी देताना व्हॉलीबॉल सोयीचे होते: एका सभागृहात भागते, साहित्य थोडे लागते.

हा कायदा छोट्या धार्मिक महाविद्यालयांना कितपत लागू होतो, हा वाद मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो नेणारी संस्था पेनसिल्व्हेनियातील प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेचे ग्रोव्ह सिटी कॉलेज ही होती. या महाविद्यालयावर भेदभावाचा आरोप नव्हता. आपण सरकारचा पैसा थेट घेत नाही, या भूमिकेतून त्याने कायदापालनाचे हमीपत्र देण्यास नकार दिला होता. विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी अनुदान हे महाविद्यालयालाच मिळालेले साहाय्य ठरते, परंतु कायद्याचे बंधन केवळ ते साहाय्य पोहोचणाऱ्या विभागापुरते आहे, असा निकाल १९८४ मध्ये लागला. त्यामुळे देशभरातील बहुतेक क्रीडा विभाग एका झटक्यात कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून संसदेने १९८८ मध्ये नवा कायदा केला आणि संपूर्ण संस्थेवरचे बंधन पुन्हा आणले. माझ्या मते महिला संघांच्या इतिहासात हे वर्ष १९७२ इतकेच महत्त्वाचे आहे, कारण कायदा कागदावर असणे आणि तो क्रीडांगणापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर पडू शकते, हे त्या चार वर्षांत दिसले.

पुरुषांचे व्हॉलीबॉल दीर्घकाळ कॅलिफोर्निया, हवाई आणि मोजक्या अन्य भागांपुरते राहिले. २०१० च्या दशकात शालेय पातळीवर ४ लाखांहून अधिक मुली हा खेळ खेळत होत्या, तर मुलांची संख्या ५० हजारांच्या आसपास होती. शाळेत खेळणारी बरीच मुले पुढे संघाविना राहत, आणि नेमकी हीच मुले छोट्या महाविद्यालयांना हवी होती. वर्गांतील जागा भरण्याची आणि शुल्काच्या उत्पन्नाची विवंचना असलेल्या संस्थेला एका संघामुळे पंधरा-वीस विद्यार्थी मिळतात, आणि एनसीएएच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत तर क्रीडा शिष्यवृत्तीही द्यावी लागत नाही.

याचा परिणाम लवकरच दिसला. तिसऱ्या श्रेणीसाठी पुरुषांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा २०१२ मध्ये सुरू झाली. पहिले अजिंक्यपद स्प्रिंगफिल्ड कॉलेजने, म्हणजे जिथे बास्केटबॉल सुरू झाले त्या वायएमसीएच्या जुन्या प्रशिक्षण महाविद्यालयानेच, मिळवले. विस्कॉन्सिनमधील लूथरन परंपरेचे कार्थेज कॉलेज २०२१ आणि २०२२ असे सलग दोनदा विजेते ठरले. वरच्या पातळीवर, दक्षिण कॅरोलायनातील एर्स्किन हे १८३९ साली स्थापन झालेले, हजाराहून कमी विद्यार्थ्यांचे प्रेस्बिटेरियन महाविद्यालय २०१४ मध्ये आपल्या विभागीय गटाचे विजेतेपद मिळवून राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचले आणि तेथे त्याची गाठ बलाढ्य स्टॅनफर्डशी पडली.