सैनिकाच्या विधवेची पेन्शन : कागदावरच्या एका नावाची गोष्ट

नोव्हेंबर लागला की सोलापुरातल्या बँकांच्या पायऱ्यांवर नऊवारीतल्या म्हाताऱ्या बायका दहाच्या आधीच येऊन बसलेल्या दिसतात. मोहोळ, माढा, सांगोला, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून पहिल्या एसटीने आलेल्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक आणि नवऱ्याच्या पलटणीतला एखादा पिवळा पडलेला कागद. बहुतेकींना हयातीचा दाखला द्यायचा असतो. पण त्यांच्यात अशीही एखादी असते, जिची पेन्शन मुळात सुरूच झालेली नाही. ही पार्श्वभूमी तिच्यासाठी लिहितो आहे.

ओळखीच्या एका आजींचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९६१ ला भरती, १८ वर्षं नोकरी, १९७९ ला पेन्शनीत घरी. ६५ आणि ७१, दोन्ही लढाया त्यांनी पाहिल्या. गाव बोरामणीच्या बाजूला, हैदराबाद रस्त्यालगत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईचा मुख्य मोर्चा सोलापूरहून याच रस्त्याने नळदुर्गकडे गेला. तेव्हा पाच वर्षांचे असलेले ते बापाच्या खांद्यावर बसून रणगाडे बघितल्याचं शेवटपर्यंत सांगत. तीन वर्षांपूर्वी ते वारले आणि त्यांची पेन्शन बंद झाली. आजींची चालू व्हायला हवी होती, ती झाली नाही. पलटणीच्या कागदावर बायकोचं नाव शकुंतला आणि आजींच्या आधार कार्डावर सोनाबाई. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं ते शकुंतला. पण आजी गावातल्या गावातच दिलेल्या, त्यामुळे सगळं गाव आयुष्यभर माहेरच्याच नावाने हाक मारत राहिलं. मतदार यादीत तेच, रेशन कार्डावर तेच. "नावं दोन असली तरी बाई एकच हाय की, बाळा," असं त्या मला म्हणाल्या.

हे कोडं फक्त त्यांच्या घरचं नाही. सैनिकाच्या बायकोला पेन्शन द्यायची का, किती आणि कशावरून, याची उत्तरं साडेतीनशे वर्षांत पुन्हापुन्हा बदलत आली आहेत. आज त्यांच्या अर्जात विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे त्यांतलं एखादं जुनं उत्तर उभं आहे.

आपल्याकडे सर्वांत जुनं उत्तर सभासदाच्या बखरीत सापडतं. १६५९ साली अफझलखान तुळजापूर, पंढरपूरवरून वाईकडे गेला, म्हणजे आपल्याच भागातून. प्रतापगडाच्या त्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी पडलेल्या लोकांच्या मुलांचं चालवलं आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं, असं बखर सांगते. बखर नंतर, १६९७ च्या सुमारास लिहिली गेली, हे ध्यानात ठेवलं तरी निम्म्या पगाराची ती कल्पना मला फार मोठी वाटते. पुढे पेशवाईच्या कागदपत्रांत 'बालपरवेशी' हा शब्द येतो, म्हणजे लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पोटासाठी लावून दिलेली नेमणूक. घराण्याने मागायचं आणि दरबाराने द्यायचं, असा तो व्यवहार होता. मेहरबानी होती, हक्क नव्हता.

इंग्रजांनी हा व्यवहार नियमांत बसवला, पण मेहरबानीचा भाव कायम ठेवला. १८७१ च्या पेन्शन कायद्यात पेन्शन म्हणजे सरकारने दिलेली देणगी अशीच भाषा आहे. त्यातली एक गोष्ट मात्र चांगली : सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. सोलापूरसारख्या दुष्काळी, कर्जात बुडालेल्या जिल्ह्यात त्याला अर्थ होता. विधवेच्या वाट्याला त्या काळी जे यायचं ते नवरा लढाईत किंवा नोकरीच्या कारणाने गेला तरच. पेन्शनीत घरी आलेला शिपाई खाटेवर म्हातारपणाने गेला, तर त्याच्याबरोबर पेन्शनही जायची.

आणि मुळात पेन्शन किती जणांना होती? पंधरा वर्षांची नोकरी हवी. लढाई आली की पलटणी उभ्या राहायच्या, लढाई संपली की मोडायच्या. १११ वी महार पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली. चार वर्षांच्या नोकरीवर कसली पेन्शन? महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज २५ लाखांच्या आसपास गेली होती. युद्ध संपताच त्यांतल्या बहुतेकांना थोडी रक्कम हातावर ठेवून घरी पाठवलं. आपल्या जिल्ह्यात जिरायत जमीन आणि पावसाचा भरवसा नाही, म्हणून पोरांना दोनच वाटा होत्या : १८७७ पासून सोलापुरात सुरू झालेल्या गिरण्या, नाहीतर मिलिट्री. महायुद्धातून परतलेले कित्येक जण पुन्हा गिरणीत लागले. त्यांच्या विधवांना केंद्राची पेन्शन मिळत नाही. त्यांच्यासाठी राज्य सरकारची दरमहा मदत आहे, आणि पेन्शन नसलेल्या, ६५ च्या पुढच्या गरजू माजी सैनिकांसाठी व त्यांच्या विधवांसाठी केंद्राची वेगळी मदत आहे. ही केंद्राची मदत महिना ४ हजार होती, २०२५ मध्ये ती ८ हजार करण्याचा निर्णय झाला. तिला पेन्शन म्हणायचं नसतं, आणि ती मिळवण्यासाठी आपण गरीब असल्याचं कागदावर दाखवावं लागतं. माझ्या मते हा भेद आता राहायला नको.

खरा बदल आला १ जानेवारी १९६४ ला. केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तीवेतन योजनेने पहिल्यांदा मान्य केलं की पेन्शनीतला माणूस साध्या आजाराने गेला तरी त्याच्या बायकोला जगायला पैसे लागतात. सुरुवातीला या योजनेसाठी कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम कापत. २२ सप्टेंबर १९७७ पासून ती कपात बंद झाली. पण ६४ च्या आधी ज्यांचे नवरे गेले किंवा पेन्शनीत आले, त्या बायका बाहेरच राहिल्या. तारखेच्या एका बाजूची बाई खाते आणि दुसऱ्या बाजूची उपाशी, असा हा न्याय होता. १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही मर्जीची देणगी नसून केलेल्या नोकरीचा हक्क आहे, आणि नुसत्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करता येणार नाही. त्याच धाग्यावर १९८५ मध्ये पूनामल खटल्यात विधवा स्वतः कोर्टात गेल्या आणि ६४ पूर्वीच्या विधवांनाही २२ सप्टेंबर १९७७ पासून पेन्शन मिळाली. आज ज्या आजी बँकेच्या पायरीवर बसतात, त्यांच्या पाठीशी या न पाहिलेल्या बायका आहेत. १९८९ ला आणखी एक अडसर गेला : निवृत्तीनंतर लग्न केलं म्हणून बायकोला पेन्शन नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

मधल्या काळात मृत्यूचं कारण ही दुसरी मोठी वाट फुटली. ७१ च्या युद्धानंतर १९७२ मध्ये लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी उदारीकृत पेन्शन आली. आज तीन पायऱ्या आहेत. साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. मृत्यू सैनिकी सेवेच्या कारणाने असेल तर विशेष, ६० टक्के. लढाईत असेल तर उदारीकृत, म्हणजे शेवटचा पूर्ण पगार. २०१६ पासून साध्या पेन्शनलाही महिना ९ हजारांचा तळ आहे आणि त्यावर महागाईची वाढ मिळते. आजींचा हक्क पहिल्या पायरीचा. लोक त्यांना सांगतात, "तुमचे मालक दोन लढाया लढले, तुम्हाला जास्त मिळेल." तसं नसतं. लढाई लढणं आणि लढाईत जाणं यांत नियम फरक करतो, आणि हे कोणीतरी त्यांना नीट बसून समजावायला हवं.

आता नावाकडे येतो, कारण अर्ज अडतो तो इथेच. सैनिकाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याने ते पलटणीत कळवायचं आणि मग 'पार्ट टू ऑर्डर' निघायची. ऑर्डर निघाली तर बायको कागदावर आली, नाहीतर नाही. कित्येकांची लग्नं भरतीच्या आधी झालेली. काही जण लाजून, काही जण गरज न वाटल्याने कळवायचे नाहीत. सुट्टीवर येऊन झालेलं लग्न, दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी, तारीख आठवत नाही, मग सांगितली एक अंदाजे. पेन्शनीत येताना जो पीपीओ अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयातून यायचा, त्या पेन्शनच्या आदेशात जुन्या काळी बायकोचं नावच नसायचं. नंतर नवरा-बायको दोघांची नावं एकत्र घालण्याची पद्धत आली आणि जुन्या पेन्शनरांनी अर्ज करून बायकोचं नाव घालून घ्यावं असं सांगितलं गेलं. हा निरोप बँकेच्या फळ्यापर्यंतच पोहोचला. आजींच्या यजमानांनी ज्या शाखेतून चाळीस वर्षं पेन्शन उचलली, तिथे त्यांना हे कोणी सांगितलं नाही, आणि तेवढी एक गोष्ट त्यांच्या हातून राहिली.

नाव नसलं की कागद पुन्हा पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला, महार रेजिमेंटचा तर मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचा नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा पुण्यात खडकीला. त्यामुळे डिस्चार्ज बुकावरचा नंबर हरवला की सगळंच हरवतं. मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुक, पीपीओ, फोटो, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात. हे सगळं जुळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. या व्यवस्थेचं मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९१९ च्या इंडियन सोल्जर्स बोर्डात आहे. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात. गावातल्या माणसाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे त्यांना कळतं, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक अडलेले अर्ज अशा एखाद्या जुन्या हवालदाराच्या चिकाटीने हलले आहेत. नवऱ्याने दोन लग्नं केलेलं घर मात्र तिथेही रडत येतं. पहिली हयात असताना झालेलं दुसरं लग्न हिंदू कायद्याने मानलं जात नाही, मग संसार चाळीस वर्षांचा असो. मुलांना हक्क मिळतो, त्या बाईला नाही.

जन्मतारीख हे दुसरं दुखणं. २००६ पासून कुटुंब पेन्शन ८० वर्षांना २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट होते. पण पीपीओत बायकोची जन्मतारीख नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही. आमच्याकडे त्या पिढीच्या बायकांची वयं दुष्काळावरून मोजतात : बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा धाकटा कडेवर होता. आधार कार्डावर अशा सगळ्यांचा जन्म १ जानेवारीचा.

ज्यांचे नवरे फौजेनंतर पोलिसात किंवा बँकेत लागले, त्यांना पूर्वी दोन्हींपैकी एकच कुटुंब पेन्शन निवडावी लागे. सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही मिळतात. ज्या बायकांनी आधी एक सोडून दिली होती त्यांनी पुन्हा अर्ज करायला हवा. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंग खटल्यापासून कोर्टात गेलेल्याला मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. त्यामुळे वाट बघण्यात गेलेलं चौथं वर्ष पैशांच्या हिशेबात कायमचं जातं. दाद मागायला २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईत बसतं.

२०२१ पासून पेन्शन 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून थेट खात्यात येऊ लागली. अलाहाबाद, बँक, ट्रेझरी असा फेरा वाचला. पण ओटीपी येतो नातवाच्या मोबाइलवर, आणि नातू पुण्यात चाकणला कंपनीत. गेल्या पावसाळ्यात आजी त्या सहा आकड्यांसाठी तीनदा सेवा केंद्रात जाऊन आल्या.

त्यांचं प्रतिज्ञापत्र मागच्या महिन्यात झालं. वकील म्हणाले, दोन्ही नावांनी सही करा. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या सोनाबाई एवढं लिहायला शिकल्या होत्या. शकुंतला त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. मी ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद गुडघ्यावर ठेवून दोनदा गिरवला आणि मग स्टॅम्पपेपरवर एकेक अक्षर पाहून उतरवलं. दुपारी आम्ही ते पाकीट स्पीड पोस्टाने बेळगावला पाठवलं.